सर्किट बोर्ड बाहेरून असेंबल करून घेताना: कोल्हापूर परिसरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजी. या पट्ट्यात पंपाचे मोबाईल स्टार्टर, दूध संस्थांचे वजनकाटे, यंत्रमागाची कंट्रोल कार्डं, भट्टीचं तापमान दाखवणारी पॅनेल असलं काहीबाही बनवणारे बरेच जण भेटतात. डिझाइन स्वतःचं, विक्री स्वतःची. बोर्डावर माल बसवून सोल्डर करून देणारा मात्र दुसरा. त्या दुसऱ्याशी व्यवहार करताना जे प्रश्न हमखास निघतात ते इथे घेतले आहेत.

सध्या हाताने सोल्डरिंग करतो. बाहेर कधी द्यावं?

नगांच्या आकड्याआधी बोर्डावर काय बसतंय ते बघा. रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर अशा पायवाल्या मालाचे महिन्याला पन्नास बोर्ड हाताने आरामात होतात. ०६०३ आकाराचा रेझिस्टर १.६ बाय ०.८ मिलिमीटर असतो. हात बसलेली व्यक्ती तोही लावते. ०४०२ म्हणजे १ बाय अर्धा मिलिमीटर, तिथे दुपारनंतर डोळे साथ देत नाहीत. आणि क्यूएफएन पॅकेजचा आयसी आला, म्हणजे ज्याचे पॅड (सोल्डर होणारे धातूचे ठिपके) पोटाखाली असतात तो, की सोल्डरिंग गनच्या भरवशावर धंदा करू नये. एखादा नग जमेल, शंभर सारखे जमणार नाहीत.

मधला मार्गही आहे. एसएमडी माल, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे पार्ट, मशीनवर बसवून आणायचा आणि रिले-टर्मिनलची जोडणी घरी करायची. लहान लॉटसाठी मला तो सगळ्यात परवडणारा वाटतो, कारण जड मालाची ने-आण वाचते आणि शेवटची तपासणी आपल्या डोळ्यासमोर होते.

पुण्यात द्यावं की बेंगळुरूला?

दोन्ही गावं राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच आहेत. पुणे साधारण २३० किलोमीटर, बेंगळुरू सहाशेच्या पुढे. बेंगळुरूत पर्याय जास्त आणि कंपोनंट हाताशी. पुण्याचा फायदा एकच, पण मोठा: सकाळची गाडी पकडून दुपारी लाइनजवळ उभं राहता येतं आणि रात्री घरी परतता येतं. पहिले दोन-तीन लॉट जिथे होणार, ते ठिकाण एका दिवसात जाऊन येण्याजोगं असावं. बोर्ड स्थिरावला की मग कुठेही न्या.

कारखान्याच्या आकाराकडेही बघा. ज्यांच्या लाइनवर मोठ्या वाहन कंपन्यांचे लाखांचे लॉट चालतात, तिथे तुमचे दोनशे बोर्ड कायम ‘पुढच्या आठवड्यात’ राहतात. त्यात त्यांची चूक नाही. लाइन थांबवून मशीनला पार्ट भरवणारे फीडर बदलायला जो वेळ जातो तो दोनशे बोर्डांवर वसूल होत नाही. लहान लॉटवर पोट असलेला माणूस शोधा.

त्यांना नेमकं काय काय द्यायचं?

फाउंड्रीला आपण ड्रॉइंग आणि पॅटर्न देतो. पॅटर्नला खाच राहिली तर ती प्रत्येक कास्टिंगवर उमटणार, आणि तेव्हा ओतणाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. इथे पॅटर्नच्या जागी फाइली असतात.

गर्बर फाइली आणि ड्रिल फाइल, म्हणजे कोरा बोर्ड कसा बनवायचा ते. बीओएम, म्हणजे मालाची यादी. सेंट्रॉइड किंवा पिक-अँड-प्लेस फाइल, ज्यात प्रत्येक कंपोनंटची एक्स-वाय जागा, कोन आणि वरची की खालची बाजू हे असतं. असेंब्ली ड्रॉइंग, त्यावर डायोड, एलईडी, कपॅसिटर आणि आयसीची पहिली पिन ठळक. या चारही गोष्टींवर एकच रिव्हिजन नंबर हवा. गर्बर रिव्हिजन सी, बीओएम रिव्हिजन बी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आर१२ काढून टाका’ असा निरोप, हा प्रकार रोज कुठे ना कुठे घडतो आणि त्यातूनच निम्मी भांडणं निघतात.

एलईडीबद्दल वेगळं सांगतो. चिमुकल्या एसएमडी एलईडीच्या पाठीवर हिरवी रेघ, ठिपका किंवा त्रिकोण असतो. काही कंपन्या ती खूण कॅथोडकडे करतात, काही अ‍ॅनोडकडे. लाइनवरचा माणूस फोन करतो, ‘साहेब, हिरवी रेघ कुठल्या बाजूला?’ आपण गाडीवर असतो, म्हणतो, ‘मायनसकडे.’ संपला विषय. दोनशे बोर्डांचे चारशे एलईडी उलटे. ड्रॉइंगवर ‘कॅथोड या बाजूला’ असा बाण काढा आणि त्या विशिष्ट पार्टची डेटाशीट सोबत जोडा.

बीओएममध्ये ‘१० मायक्रोफॅरॅड’ लिहिलं तर पुरत नाही का?

नाही. सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घसरते. लहान आकारातला १० मायक्रोफॅरॅड १२ व्होल्टवर निम्म्याखाली जाऊ शकतो, म्हणजे छापलंय १० आणि मिळतंय चार-पाच. तुमच्या सॅम्पलमध्ये मोठ्या १२०६ आकाराचा, ५० व्होल्टचा होता. लॉटला खरेदी करणाऱ्याने त्याहून लहान ०८०५ चा १६ व्होल्टवाला घेतला. किंमत बरोबर, आकडा बरोबर, आणि रिले ओढताना मायक्रोकंट्रोलर रिसेट होतोय.

म्हणून प्रत्येक ओळीत उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर, आकार, व्होल्टेज, टॉलरन्स (किती टक्के फरक चालेल) आणि डायलेक्ट्रिक (कपॅसिटरच्या आतल्या थराचा प्रकार) लिहा. पुढच्या रकान्यात तुम्ही स्वतः तपासलेला एक-दोन पर्यायी पार्ट नंबर. साध्या पुल-अप रेझिस्टरला ‘कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा, १ टक्का’ चालेल, पण तसं लिहून. ‘समतुल्य चालेल’ हे दोन शब्द पूर्ण यादीखाली एकदाच टाकून मोकळं होऊ नका. समतुल्य कशाशी, हे खरेदी विभागातला माणूस किमतीवरून ठरवतो.

माल आपण द्यावा की त्यांनाच आणायला सांगावं?

माल आपला आणि मजुरी त्यांची, याला आपण जॉबवर्क म्हणतो. मालासकट सगळं त्यांचं, त्याला टर्नकी. जॉबवर्कमध्ये पैसा वाचल्यासारखा दिसतो, पण दोन हजार पार्ट मोजून, चिकटपट्ट्या लावून, नावं घालून पाठवण्यात तुमचा एक माणूस अडकतो, आणि एक रेझिस्टर कमी पडला तर लाइन तुमच्यामुळे थांबते.

रेझिस्टर-कपॅसिटर त्यांचे, मायक्रोकंट्रोलर, जीएसएम मॉड्यूल, डिस्प्ले असा महाग किंवा सहज न मिळणारा माल आपला, ही वाटणी बहुतेकांना मानवते.

आपला माल देताना जास्तीचा द्यावा लागतो, आणि इथे पहिल्यांदा देणारे हटकून चिडतात. मशीनच्या फीडरला पार्टच्या पट्टीचं रीळ पकडायला सुरुवातीला साधारण ४० सेंटीमीटर मोकळी पट्टी लागते. कापलेल्या तुकड्याला ती नसते, मग पहिले काही पार्ट वाया जातात. काही पार्ट उचलताना नोझलवरून पडतात. रेझिस्टरसारख्या स्वस्त मालाचं अख्खं रीळ द्या आणि उरलेलं परत मागा. आयसीचे मात्र किती जास्त, किती परत, याचा हिशेब आधी ठरवा.

कोटेशन वाचायचं कसं? एकाचा रेट दुसऱ्याच्या निम्मा आहे.

एकूण आकडा आधी बघूच नका. स्टेन्सिल (पॅडवर सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) आणि मशीन प्रोग्रॅमिंगचा एकदाचा खर्च, कोरा बोर्ड, माल, बसवण्याची मजुरी, टेस्टिंग आणि पॅकिंग, हे वेगवेगळं मागून घ्या. मजुरी बऱ्याचदा सोल्डर जॉइंटवर पैशांत मोजतात, म्हणून १०० पायांचा एक आयसी शंभर रेझिस्टरांपेक्षा स्वस्त पडतो का, हे विचारायला लाजू नका. निम्म्या रेटमध्ये टेस्टिंग नसतं, कोऱ्या बोर्डाची इलेक्ट्रिकल टेस्ट नसते किंवा एओआय, म्हणजे कॅमेऱ्याने होणारी तपासणी, नसते. त्याने फसवलं असं होत नाही. तुम्ही मागितलं नव्हतं, त्याने लावलं नाही.

कारखाना बघायला गेल्यावर काय पाहायचं?

मशीनचं नाव सगळे दाखवतात. तुम्ही सोल्डर पेस्टचा फ्रीज बघा. डब्यावर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे का? बाजूला दुपारच्या डब्याची ताकाची बाटली असेल तर हसून सोडून देऊ नका. ऑपरेटरच्या मनगटाला स्थिर विजेचा पट्टा आहे का आणि त्याचं दुसरं टोक खरोखर अर्थला जोडलंय का? नाकारलेले बोर्ड लाल ट्रेमध्ये वेगळे आहेत की चांगल्यांच्याच शेजारी रचलेत? रीफ्लो ओव्हनचा, म्हणजे सोल्डर पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीचा, तापमानाचा आलेख तुमच्यासारख्या बोर्डावर थर्मोकपल लावून काढतात की एकच जुना आलेख सगळ्यांना?

शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसेमुक्त एसएसी३०५ सुमारे २१७ ते २२० अंशांना. त्यामुळे एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही. युरोपला माल जाणार असेल तर शिसेमुक्तच घ्यावं लागतं. आपल्याकडेही ई-कचरा नियमांच्या यादीतल्या उपकरणांना शिशाची मर्यादा आहे, तेव्हा तुमचं उत्पादन त्या यादीत बसतं का ते आधी बघून ऑर्डरवर सोल्डरचा प्रकार लिहा.

पावसाळ्यात बनवलेल्या लॉटमध्ये आयसी जास्त जातात. योगायोग?

बहुधा नाही. आयसीचं प्लॅस्टिक हवेतली ओल शोषतं. ओव्हनमध्ये ती ओल क्षणात वाफ होते आणि पॅकेज आतून तडकतं. बाहेरून काही दिसत नाही; बोर्ड टेस्टही पास होतो आणि शेतात दोन महिन्यांनी बंद पडतो.

अशा आयसींना ओलाव्याची पातळी दिलेली असते. नेहमी भेटणारी पातळी ३ असेल तर बंद पिशवी फोडल्यापासून ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत ठेवून १६८ तासांत तो सोल्डर व्हायला हवा. आता जुलैमधलं आपलं कोल्हापूर आठवा. राधानगरी-गगनबावड्याकडून सलग झड लागलेली, कपडे चार दिवस वाळत नाहीत, आणि आपण पिशवी फोडून ‘दोनशेच मोजून दे’ म्हणत उरलेले आयसी झिपच्या पिशवीत टाकतो. मूळ पिशवीत एक कार्ड असतं, त्यावर ठिपके. बऱ्याच कार्डांवर कोरडं असताना निळे आणि ओल शिरली की गुलाबी. ठिपका गुलाबी झालेला दिसला तर माल तसाच लाइनवर देऊ नका. भाजावा लागतो: ट्रेमधला १२५ अंशांना काही तास, रिळातला असेल तर प्लॅस्टिक वितळेल म्हणून ४० अंशांना कित्येक दिवस.

सोपा उपाय म्हणजे अशी पिशवी कोल्हापुरात उघडूच नये. वितरकाकडून आलेली सीलबंद पिशवी तशीच पुढे पाठवा आणि मोजणी त्यांच्याकडे होऊ द्या.

पहिलं सॅम्पल ओके केलं. आता पूर्ण लॉट सोडायचा ना?

सॅम्पल कसं बनलं ते विचारा. हाताने बनवलेलं सॅम्पल तुमचं सर्किट बरोबर आहे एवढंच सांगतं. मशीनचा प्रोग्रॅम, स्टेन्सिल, कोन याबद्दल ते मुकं असतं. लॉट सुरू होताना लाइनवरून उतरलेला पहिला बोर्ड थांबवून तपासायचा असतो. एक जण बीओएम वाचतो, दुसरा एलसीआर मीटरचे (रेझिस्टर-कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरचे) चिमटे टेकवून प्रत्येक पार्टची व्हॅल्यू मोजतो, भिंगाखाली आयसीवरचा नंबर वाचतो आणि ड्रॉइंगवर पेन्सिलने टिक करत जातो. ऐंशी पार्टच्या बोर्डाला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ लाइन उभी राहते म्हणून कारखान्याला ते जिवावर येतं. पण पहिल्या लॉटला तुम्ही तिथे असावं, ते याच तासासाठी.

एओआय आहे म्हणतात. मग वेगळं टेस्टिंग कशाला?

कॅमेरा दिसतं तेवढंच सांगतो. पोटाखालच्या पॅडचं सोल्डर त्याला दिसत नाही, त्याला एक्स-रे लागतो. आणि आयसी आतून मेलेला असेल तर दोघांनाही कळत नाही.

साधा हिशेब घ्या. बोर्डावर ५०० जॉइंट आहेत आणि दहा हजारांत एक जॉइंट खराब निघतो. ऐकायला झकास वाटतं. पण त्यातून शंभरातले जवळपास पाच बोर्ड सदोष निघतात. हे पाच तुमच्या टेबलावर सापडले तर प्रत्येकी दहा मिनिटांचं काम. करवीर तालुक्यातल्या एखाद्या मळ्यात सापडले तर तुमचा माणूस, त्याची गाडी, आणि वाळणाऱ्या उसाकडे बोट दाखवणारा शेतकरी.

जिग, म्हणजे बोर्ड ठेवून तपासायचं साधन, तुम्ही बनवून द्या. बोर्डाच्या खालच्या बाजूला १ मिलिमीटरचे टेस्ट पॉइंट डिझाइन करतानाच सोडा म्हणजे स्प्रिंगच्या पिना टेकतील. मोबाईल स्टार्टरच्या जिगमध्ये फेज गेला, फेज उलटला, करंट वाढला हे तिन्ही प्रकार खोट्या सिग्नलने तपासता यायला हवेत. टेस्टिंग करणाऱ्या मुलीसमोर उघडा ४१५ व्होल्ट कधीही ठेवू नका. कमी व्होल्टेजचा विलग पुरवठा वापरा. निकाल हिरवा किंवा लाल असा, मत विचारणारा नको. आणि बोर्ड स्टँडबायला किती मिलिअँपिअर घेतो त्याची वरची-खालची मर्यादा घाला. अर्धवट शॉर्ट आणि चुकीचा पार्ट या एका आकड्यात पुष्कळदा पकडला जातो.

शेतातल्या बोर्डाला कोटिंग हवंच का?

हवं. दमट हवा, मुंग्या, आणि स्टार्टरच्या डब्यात ऊब शोधत येणारी पाल, जी दोन फेजच्या मध्ये आडवी झाली की स्वतःही जाते आणि बोर्डही नेते. अ‍ॅक्रिलिक कोटिंग स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. मात्र कनेक्टर, प्रीसेट, सील नसलेले रिले यांवर ते जाता कामा नये. ड्रॉइंगवर ती जागा रेघोट्यांनी दाखवा. कोटिंगच्या आधी बोर्ड स्वच्छ हवा. अर्धवट पुसलेल्या फ्लक्सचे पांढरे डाग कोटिंगखाली कायमचे कोंडले जातात.

रिजेक्शन कुणाच्या नावावर?

ऑर्डरवर ‘आयपीसी-ए-६१०, वर्ग २’ असं लिहा. सोल्डर कसं दिसलं म्हणजे चांगलं, याचं ते सर्वमान्य प्रमाण आहे, आणि शेतीच्या किंवा कारखान्याच्या यंत्रांना वर्ग २ पुरतो. मग ‘हे चालतंय की’ आणि ‘हे कसं चालेल’ या वादाला चित्र मिळतं.

त्यापुढे तीन कप्पे करा. ड्राय सोल्डर, शॉर्ट, उलटा किंवा गायब पार्ट: त्यांचं, फुकट दुरुस्ती. पार्ट खराब: ज्याने आणला त्याचं. पार्ट बरोबर, सोल्डर बरोबर, तरी चालत नाही: आपलं डिझाइन. तिसऱ्या कप्प्यातले बोर्ड पहिल्यात ढकलायची सवय आपल्याकडच्या लोकांना आहे, आणि चांगले कारखाने याच कारणाने लहान ग्राहक सोडतात.

एखादा आयसी मिळेनासा झाला तर?

२०२१-२२ च्या टंचाईत एसटीएम३२ सारखे रोजचे मायक्रोकंट्रोलर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले, आणि खुल्या बाजारातून घासून नवं नाव छापलेले आयसीही आले. अधिकृत वितरकाचं बिल मागा आणि त्याची प्रत लॉटच्या फाइलला लावा. बाहेरून घ्यावाच लागला तर आधी पाच नग बसवून पूर्ण टेस्ट, मगच बाकीचे.

आमचं डिझाइन कॉपी करून दुसऱ्याला दिलं तर?

गोपनीयतेचा करार करा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. मायक्रोकंट्रोलरचं वाचन कुलूपबंद करा, सोर्स कोड कधीच देऊ नका, आणि जमलं तर अंतिम प्रोग्रॅम कोल्हापुरात भरा. कारखान्यात फक्त टेस्टचा प्रोग्रॅम. बोर्ड बघून सर्किट काढणं अवघड नसतं. प्रोग्रॅम काढणं अवघड असतं.

जीएसटी आणि पेमेंटचं काय?

जॉबवर्कला माल पाठवताना चलन हवं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशी विकल्यासारखा धरतात. कोपऱ्यात पडून राहिलेली अर्धी रिळं इथे अडचणीत आणतात, म्हणून वर्षातून एकदा त्यांच्याकडचा शिल्लक माल मोजून घ्या. बेंगळुरूला, म्हणजे राज्याबाहेर जॉबवर्कला पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतं. बाकी तपशील सीएला विचारा.

पेमेंटमध्ये मालाचे पैसे आगाऊ मागतात, ते रास्त आहे. समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत; करारच नसेल तर १५ दिवस.

डिलिव्हरीची तारीख किती खरी मानायची?

कोरे बोर्ड आणि सगळा माल हाती आल्यापासूनची तारीख विचारा. ऑर्डरच्या दिवसापासूनची तारीख शोभेची असते. जुलै-ऑगस्टसाठी वेगळा विचार करा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. हंगामाचा माल जूनमध्येच घरात असलेला बरा.

कारखाना बदलायचा झाला तर काय परत मागायचं?

स्टेन्सिल, टेस्ट जिग, उरलेला माल, कोरे बोर्ड आणि सॅम्पलसाठी ठेवलेला सही केलेला बोर्ड. पैसे तुम्ही दिलेत तर हे तुमचं, असं पहिल्याच ऑर्डरवर लिहिलेलं असावं. मशीनचा प्रोग्रॅम मागू नका. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला तो सहसा चालत नाही. त्यापेक्षा मधल्या काळात त्यांनी सेंट्रॉइड फाइलमध्ये जे कोन दुरुस्त केले ती सुधारलेली फाइल मागून घ्या. आणि हे सगळं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी गाडीत चढलेलं असू द्या.